परतीचे वळण

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी दिल्लीहून मुंबईला विमानाने येत होतो. शेजारी एक आजी बसल्या होत्या. दिवाळीसाठी लेकाकडे निघालेल्या. दोन पायांच्या मध्ये घट्ट धरून ठेवलेला करंज्यांचा डबा. पट्टे बांधण्याची सूचना झाली, खिडकीखाली दिव्यांचा सडा दिसू लागला आणि आजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण विमान त्या दिव्यांवरून तसेच पुढे निघून गेले. पाहता पाहता खाली पुन्हा काळोख पसरला. आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"अहो भाऊ, गाव तर मागं राहिलं! हा आता कुठं चालला?"

"उतरायलाच चाललाय, आजी. थोडं पुढं जाऊन वळेल."

"मग उतरायचं तर गावाकडं पाठ कशाला फिरवायची?"

मी काहीतरी उत्तर दिले, पण ते मला स्वतःलाच अपुरे वाटले. घरी आल्यावरही तो प्रश्न मनातून जाईना. कारण आजींनी सहज विचारलेल्या या प्रश्नामागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यात शास्त्रज्ञ आहेत, धाडसी वैमानिक आहेत, आणि दुर्दैवाने सह्याद्रीच्या कुशीत विसावलेली चौऱ्याण्णव माणसेही आहेत. तोच इतिहास आज वाचकांपुढे ठेवायचा आहे.

प्रथम आजींच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देऊ. विमान कोणत्याही दिशेने येवो, धावपट्टी मात्र एकाच रेषेत पडलेली असते, आणि तिच्यावर शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उतरायचे असते. आकाश निरभ्र असले तर वैमानिक डोळ्यांनी पाहतो, फेरी मारतो आणि उतरतो. पण खाली ढगांचा गालिचा अंथरलेला असला, म्हणजे धावपट्टी कोठे आहे हे त्याला कोण सांगणार? त्यासाठी जमिनीवर एक बिनतारी यंत्र बसवलेले असते. रात्रंदिवस "मी येथे आहे, मी येथे आहे" असे ते सांगत असते. वैमानिक प्रथम बरोबर त्या यंत्राच्या डोक्यावर येतो. मग धावपट्टीकडे पाठ करून तो ठरलेल्या रेषेवरून दूर जातो, ठरलेल्या बाजूला वळतो, पूर्ण उलट फिरतो आणि त्याच रेषेवरून हळूहळू खाली उतरत परत येतो. या क्रियेला वैमानिकांच्या भाषेत 'कोर्स रिव्हर्सल' म्हणतात. आपण तिला परतीचे वळण म्हणू. मोठ्या शहरांत आता जमिनीवरचा नियंत्रक रडारच्या पडद्यावर पाहून विमानाला दिशा सांगतो. आमचे विमानही त्या संध्याकाळी असेच कोणाच्या तरी आवाजाच्या बोटाला धरून फिरले असेल. परंतु तो आवाज नसेल तेव्हा ही सगळी कामगिरी वैमानिकाला एकट्याने पार पाडावी लागते.

ऐकायला हे सोपे वाटते. दिंडीदरवाजापर्यंत जावे, पुढे चार पावले टाकावी आणि फिरून परत यावे, इतकेच. पण डोळ्यांवर पट्टी बांधून, वाहत्या नदीच्या पात्रात हेच करायचे असले तर? विमानाचे नेमके तसे होते. ढगात डोळे निरुपयोगी ठरतात आणि हवेची नदी सतत एका बाजूला ओढत असते. सरळ रेषेत जाताना माणूस कसाबसा तग धरतो. वाट हरवते ती वळणावर.

वळणावर पहिला दगा देते ते आपलेच शरीर. ही गोष्ट उमगली ती एका खुर्चीमुळे. १९२६ साली अमेरिकेच्या सैन्यातील विल्यम ऑकर हे अनुभवी वैमानिक सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या क्रिसी फील्डवर वैद्यकीय तपासणीसाठी गेले होते. डॉ. डेव्हिड मायर्स यांनी त्यांना एका फिरत्या खुर्चीत बसवले. डोळे मिटून घ्यायला सांगितले आणि खुर्ची फिरवली. आपण कोणत्या बाजूला फिरतो आहोत हे ऑकर यांनी सांगायचे होते. सुरुवातीला उत्तर बरोबर आले. पण खुर्ची एका गतीने फिरत राहिली तेव्हा ऑकर म्हणाले, "थांबली." आणि ती खरोखर थांबवली तेव्हा ते म्हणाले, "आता उलट फिरते आहे." वर्षानुवर्षे विमान चालवलेला माणूस, आणि त्याला साध्या खुर्चीचे फिरणे कळेना!

याचे कारण आपल्या कानाच्या आतल्या भागात आहे. तेथे तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात व त्यांत द्रव भरलेला असतो. डोके फिरू लागले की नळी फिरते, द्रव मात्र क्षणभर मागे राहतो, आणि या फरकावरून मेंदूला वळण कळते. पण वळण तसेच चालू राहिले, तर थोड्याच वेळात तो द्रवही नळीबरोबर फिरू लागतो. फरक मिटतो आणि मेंदू म्हणतो की आता सगळे स्थिर आहे. मग वळण थांबते, नळी थांबते, द्रव मात्र पुढे वाहत राहतो. आणि मेंदू म्हणतो की आपण उलट दिशेने निघालो! ढगात ज्या वैमानिकाने या साक्षीवर विश्वास ठेवला, तो नसलेले वळण सुधारायला जातो आणि असलेले वळण वाढवून बसतो. विमान हळूहळू फिरत, घसरत, जमिनीकडे ओढले जाते.

ऑकर यांनी हार मानली नाही. वळण दाखवणारे एक छोटे यंत्र आणि दिवा त्यांनी एका पेटीत बसवला. ती पेटी डोळ्यांशी धरून ते पुन्हा त्या खुर्चीत बसले. या वेळी त्यांनी शरीराला काही विचारलेच नाही. काट्याकडे पाहून उत्तरे दिली आणि सगळी बरोबर आली. अंध उड्डाणाच्या शास्त्राचा पहिला धडा या पेटीत होता: काटा आणि काया यांत वाद झाला, तर काट्याचे ऐकावे.

धडा साधा असला तरी पचनी पडायला कठीण. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. यंत्रांवरून उडण्याचा सराव नसलेले वीस जण निवडले आणि कृत्रिम ढगात शिरल्यासारखी परिस्थिती त्यांच्यापुढे निर्माण केली. विसांपैकी एकालाही विमान ताब्यात ठेवता आले नाही. कोणी वीस सेकंदांत गेला, कोणी आठ मिनिटे टिकला. सरासरी निघाली १७८ सेकंद. म्हणजे तीन मिनिटेही नाहीत. मग त्यांना एकच गोष्ट शिकवली: यंत्राकडे पाहत शांतपणे अर्धे वर्तुळ वळावे आणि ढगातून आल्या वाटेने बाहेर पडावे. शिकल्यावर बहुतेकांना ते जमले. मरण आणि जगणे यांतले अंतर एका अर्ध्या वर्तुळाएवढे होते.

पण नुसते ढगातून बाहेर पडणे निराळे आणि ढगातूनच धावपट्टीवर उतरणे निराळे. ते प्रथम करून दाखवले जेम्स डूलिटल यांनी. डूलिटल म्हणजे साहसाचा आणि विद्येचा विरळा संगम. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून १९२५ साली त्यांनी विमानविद्येत डॉक्टरेट मिळवली होती. डॅनियल गुगेनहाइम या धनिकाने विमानविद्येच्या प्रगतीसाठी काढलेल्या निधीतून लाँग आयलंडवरील मिचेल फील्ड येथे धुक्यातील उड्डाणाचे प्रयोग सुरू झाले आणि त्यांची सूत्रे डूलिटल यांच्याकडे आली.

त्यांच्या विमानात तीन नवी यंत्रे होती. पहिले, पॉल कोल्समन यांचे उंचीमापक, घड्याळाच्या तोडीच्या दातेरी चाकांवर चालणारे आणि जुन्या यंत्रांपेक्षा कितीतरी बारीक मोजणारे. उरलेली दोन स्पेरी यांच्या कारखान्यातली होती आणि त्यांच्या पोटात भोवरा होता. आपल्या पोरांच्या हातातला भोवरा वेगाने फिरत असेपर्यंत जसा ताठ उभा राहतो, तसाच हा भोवरा विमान कसेही कलले तरी आपली दिशा सोडत नाही. एका तबकडीत त्याने कृत्रिम क्षितिज दाखवले, दुसरीत दिशा. शिवाय जमिनीवरच्या बिनतारी यंत्राशी जोडलेल्या दोन पट्ट्या समोर थरथरत असत. दोन्ही सारख्या थरथरल्या की विमान रेषेवर; एक जास्त थरथरली की विमान बाजूला सरकले.

२४ सप्टेंबर १९२९. पहाटे मैदानावर दाट धुके होते. डूलिटल यांनी त्या धुक्यात एकट्याने एक चक्कर मारलीही. पुढे धुके विरळ झाले आणि रीतसर प्रयोगाची वेळ आली, तेव्हा सावधगिरी म्हणून बेंजामिन केल्सी या तरुण अधिकाऱ्याला पुढच्या बैठकीत बसवण्यात आले. डूलिटल मागच्या बैठकीत, आणि त्यांच्यावर कापडी झाकण ओढलेले. बाहेरचे काही म्हणजे काही दिसत नव्हते. आपण विमान चालवत नाही हे खालच्या लोकांना दिसावे म्हणून केल्सी यांनी हात बाहेर धरले होते.

विमान पश्चिमेकडे उडाले. हजार फुटांच्या आसपास गेल्यावर डूलिटल डावीकडे वळले, पूर्ण अर्धे वर्तुळ. मैदान ओलांडून काही मैल दूर गेले. पुन्हा डावीकडे अर्धे वर्तुळ. मग थरथरत्या पट्ट्यांवर नजर ठेवून रेषा पकडली, हळूहळू खाली आले आणि जेथून उडाले त्याच मैदानावर उतरले. पंधरा मिनिटांत सगळे आटोपले. मानवाने डोळे झाकून केलेल्या पहिल्या पूर्ण उड्डाणाचा हा आलेख काढून पाहा: दोन सरळ रेषा आणि दोन वळणे. परतीचे वळण अंध उड्डाणाच्या जन्मालाच हजर होते. पुढे ९ मे १९३२ रोजी डेटन येथे अल्बर्ट हेगेनबर्गर यांनी पुढच्या बैठकीत कोणीही राखणदार न घेता हीच कामगिरी एकट्याने केली.

डूलिटल यांच्याकडे तज्ज्ञांची फौज होती. रोज टपाल आणि उतारू घेऊन जाणाऱ्या साध्या वैमानिकाचे काय? त्याच्यासाठी अमेरिकेत गावोगावी बिनतारी खुणास्तंभ उभे राहिले. त्यांचे तंत्र मोठे मजेदार होते. स्तंभाच्या भोवतालच्या आकाशाचे चार भाग केलेले. समोरासमोरच्या दोन भागांत तारायंत्राच्या लिपीतले 'ए' हे अक्षर ऐकू येई, म्हणजे टिंब आणि रेघ. उरलेल्या दोन भागांत 'एन', म्हणजे रेघ आणि टिंब. जेथे हे भाग एकमेकांना भिडत, तेथे दोन्ही अक्षरे एकमेकांत मिसळून अखंड सूर लागे. तोच रस्ता. कानांना लावलेल्या यंत्रात तंबोऱ्यासारखा तो सूर ऐकत वैमानिक अंधारातून जात असे. सूर तुटून टिंब-रेघ ऐकू आली की एका बाजूला सरकलो, रेघ-टिंब ऐकू आली की दुसऱ्या बाजूला. आणि स्तंभाच्या बरोबर डोक्यावर आले की सगळे आवाज एकदम बंद होत. त्या शांततेच्या शंकूतून गेलेल्या वैमानिकाला त्या क्षणी आपण पृथ्वीवर नेमके कोठे आहोत हे कळे. ती शांतता म्हणजेच त्याचा मैलाचा दगड.

तेथून परतीचे वळण सुरू होई, आणि त्याची पद्धत आजही पुष्कळशी तीच आहे. स्तंभावरून पुढे बाहेरच्या दिशेने जायचे. मग रेषेपासून ४५ अंश बाजूला वळून घड्याळाप्रमाणे एक मिनिट सरळ जायचे. मग विरुद्ध बाजूने १८० अंश फिरायचे आणि तिरपे येऊन मूळ रेषा पुन्हा पकडायची. वळण सेकंदाला तीन अंश या प्रमाण गतीने घ्यायचे, म्हणजे अर्धे वर्तुळ बरोबर एका मिनिटात पुरे होते. दुसरी एक पद्धत आहे: ८० अंश एका बाजूला वळून लगेच २६० अंश उलट फिरायचे, तिच्यात मधली सरळ वाट नाही, त्यामुळे वेळ कमी लागतो. कोणत्या बाजूला वळायचे हे नकाशात छापलेले असते, आणि ते वैमानिकाच्या मर्जीवर सोडलेले नसते. डोंगर टाळून जी बाजू मोकळी सापडली, तीच नकाशा काढणाऱ्याने वळणासाठी राखलेली असते. तिच्या पलीकडे आकाश दिसायला सारखेच. पण पोटात कडा लपलेला असू शकतो.

आता या शांत हिशेबात वारा शिरतो. समजा, विमान १२० नॉट वेगाने चालले आहे आणि ३० नॉटचा वारा आडवा वाहतो आहे. वर सांगितलेल्या ४५ अंशांच्या वळणाला सगळी मिळून सुमारे अडीच मिनिटे लागतात. तेवढ्यात वारा विमानाला सव्वा सागरी मैल बाजूला नेऊन ठेवतो. वैमानिकाने घड्याळ अचूक पाळले, अंश अचूक पाळले, तरी तो रेषेवर येत नाही; कारण जमिनीवरची रेषा स्थिर आहे आणि तो ज्या हवेत वळला ती हवाच चालती आहे. वारा त्याला रेषेकडे ढकलत असेल, तर वळण पुरे होण्याआधीच तो रेषा ओलांडून नको त्या बाजूला जातो. रेषेपासून दूर ढकलत असेल, तर राखलेल्या जागेच्या काठाकडे सरकतो.

आपला नावाडी यावर जे करतो तेच वैमानिक करतो. कृष्णेच्या पुरात नाव पैलतीरावरच्या घाटाला लावायची असेल, तर नावाडी घाटाकडे तोंड करत नाही. प्रवाहाच्या वरच्या बाजूला रोख धरतो. पाणी त्याला बरोबर घाटावर आणते. पण वळण घेत असताना असा रोख धरता येत नाही, कारण रोखच दर सेकंदाला बदलत असतो. म्हणून वैमानिकांनी एक युक्ती बसवली. आकाशात ताटकळत थांबायचे असले की विमान लांबट वर्तुळात फिरते: एक मिनिट वळण, एक मिनिट सरळ दूर, पुन्हा एक मिनिट वळण, मग आत येणारी वाट. आत येताना रेषेवर राहायला वाऱ्याकडे पाच अंश रोख धरावा लागला, तर बाहेर जाताना पंधरा अंश धरावा, तिप्पट. का? दोन वळणांच्या दोन मिनिटांत वाऱ्याने जे नेले, आणि बाहेरच्या वाटेवर एका मिनिटात जे नेणार, ते सगळे कर्ज त्या एकाच सरळ मिनिटात फेडायचे असते. कुठल्याही गृहिणीला हा हिशेब चटकन पटेल. सणाचा खर्च सणात भरून काढता येत नाही, तो आधीच्या महिन्यात काटकसर करूनच भागवावा लागतो.

हे सगळे तंत्र पश्चिमेत घडत होते तेव्हा आपल्याकडे काय होते? १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हा त्यांच्या लहानशा पस मॉथ विमानात बिनतारी यंत्र नव्हते. किनारा, नद्या आणि आगगाडीचे रूळ हीच त्यांची वाटाडी. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात जाई आणि टपालविमानांना पुण्याचा आसरा घ्यावा लागे. पावसाळ्यातला सह्याद्री डोळ्यांनी पाहून ओलांडणे म्हणजे काय, हे घाटमाथ्यावर राहणाऱ्या वाचकाला सांगायला नको. हात लांब केला तर बोटे दिसत नाहीत असे ढग तेथे आषाढ-श्रावणात उंबऱ्यावर येऊन बसतात.

अशाच एका पावसाळी रात्री परतीच्या वळणाचे मोल महाराष्ट्राच्या मातीत लिहिले गेले. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री इटलीच्या अलितालिया कंपनीचे डीसी-८ जातीचे जेट विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होते. सिडनीहून रोमला जाणारी ती लांबची फेरी होती. मुंबई जवळ आली असे समजून वैमानिकाने सरळ उतरण्याच्या तयारीने विमान खाली आणायला सुरुवात केली. पण मुंबई अजून दूर होती. विमानाच्या खाली होता सह्याद्री. मुंबईपासून सुमारे ८४ किलोमीटर ईशान्येस, जुन्नरजवळच्या डोंगरावर ते आदळले. विमानातली ९४ च्या ९४ माणसे गेली.

चौकशीचा निष्कर्ष असा निघाला की आपण मुक्कामाच्या जवळ आलो असा वैमानिकाचा चुकीचा समज झाला आणि त्यामुळे तो वेळेआधी खाली आला. जमिनीवरून मिळणाऱ्या मार्गदर्शनाचा पुरेसा उपयोग केला गेला नाही, ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची पाळली गेली नाही आणि या मुलखाची नीट ओळखही नव्हती, असेही त्यात नमूद झाले. या निष्कर्षाकडे आजींच्या प्रश्नाच्या बाजूने पाहा. "उतरायचं तर सरळ उतरावं" हे जे वाटते, त्याला एक अट आहे: आपण कोठे आहोत याची खात्री हवी. आधी उंची न सोडता खुणास्तंभाच्या डोक्यावर यायचे, मग दूर जाऊन फिरायचे आणि मगच उतरायचे. या लांबच्या वाटेत जी चार-पाच मिनिटे खर्च होतात, त्यांच्या मोबदल्यात ती खात्री मिळते. स्तंभ ओलांडल्याची खूण जोवर मिळत नाही, तोवर वैमानिक वरच थांबतो, आणि वर थांबलेल्या विमानाला डोंगर काही करू शकत नाही. जुन्नर परिसरातले ते डोंगर साडेतीन हजार फुटांच्या आसपासचे. जेट विमानाच्या दृष्टीने अगदी ठेंगणे. त्यांच्यावरून रोज कितीतरी विमाने सुखरूप जातात.

पण नुसते वळण घेतले म्हणजेही भागत नाही; ते दोघांनी सारखे समजून घ्यावे लागते. २५ एप्रिल १९८० रोजी मँचेस्टरहून सुट्टीसाठी निघालेल्या उतारूंना घेऊन डॅन-एअर कंपनीचे बोइंग ७२७ विमान कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ या बेटावर आले. ढग होते, पुढे एक संथ विमान उतरत होते, आणि या विमानतळावर रडार नव्हते. नियंत्रकाने बोइंगला थोडे थांबवण्यासाठी एका खुणास्तंभावर फेऱ्या घालायला सांगितले. ही फेरी कोणत्याही छापील नकाशात नव्हती. ती त्याने तोंडीच सांगितली. सांगताना तो इंग्रजीत बोलला ते एकवचनी: डावीकडे वळण. त्याच्या मनात होते ते अनेकवचन: डावीकडे वळणे, म्हणजे पुन्हापुन्हा डावीकडे वळत फेऱ्या घालणे. वैमानिकांनी ऐकले तसे केले. एकदा डावीकडे वळले आणि सांगितलेल्या दिशेने सरळ निघाले. ती दिशा उंच डोंगरांकडे जात होती. विमानातल्या यंत्राने जमीन जवळ आल्याचा इशारा दिला, तेव्हा वैमानिकाने उजवीकडे वळून सुटण्याचा प्रयत्न केला. पण १४६ जणांपैकी कोणी वाचले नाही.

चौकशीच्या अहवालावर ब्रिटिश बाजूने जे टिपण जोडले, त्यात या एका अक्षरावर बोट ठेवले आहे. इंग्रजीत एका अक्षराचा फरक, आपल्या मराठीत एका मात्रेचा: वळण आणि वळणे. लहानपणी मात्रा गाळल्याबद्दल गुरुजींनी हातावर छडी मारली असेल तर आपण कुरकुरलो असू. पण खरा प्रश्न मात्रेचाही नाही. विमानकक्षातल्या मंडळींना ती सूचना विचित्र वाटली होती. त्यांच्या आपसातल्या बोलण्यात ती शंका उमटली, पण "पुन्हा सांगा, नक्की कसे फिरायचे?" हा प्रश्न खाली गेला नाही. नियंत्रकाला वाटले त्यांना कळले. त्यांना वाटले नियंत्रकाला ठाऊक असेल. घरोघरी असे होते, आणि आपल्याकडे त्यातून फार तर भाजी आणायची राहते. ढगात मात्र न विचारलेल्या प्रश्नाला क्षमा नाही.

आज काळ बदलला आहे. टिंब-रेघांचे ते जुने स्तंभ दुसऱ्या महायुद्धानंतर मागे पडले. उपग्रहांमुळे विमानाला आपली जागा क्षणोक्षणी कळते. समोरच्या पडद्यावर वाट, वारा आणि डोंगर रंगांत दिसतात. आपल्या भारतीय विमानतळ प्राधिकरणाने आणि इस्रोने मिळून 'गगन' नावाची उपग्रहयंत्रणा उभारली. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातील किशनगढ येथे इंडिगोचे एक एटीआर विमान तिच्या साहाय्याने उतरले. नव्या पद्धतींत विमानाला असे नेले जाते की बहुतेक वेळा परतीच्या वळणाची गरजच पडू नये. तरीही नकाशांतून ते वळण पूर्णपणे पुसलेले नाही आणि शिकाऊ वैमानिकाकडून ते अजून घोटून घेतले जाते. घड्याळ लावायचे, सेकंदाला तीन अंश, वाऱ्याचा रोख, राखलेली बाजू, आणि रेषा हाती येईपर्यंत उंची सोडायची नाही. पडदा काळा पडला, तर हाती उरते ते एवढेच.

त्या संध्याकाळी आमचे विमान काळोखात कलले. पंखाखालून एक-दोन दिवे तिरपे सरकले. आजींनी डब्यावरची पकड घट्ट केली. माझ्या शरीराला वाटले की आपण सरळ झालो. प्रत्यक्षात आम्ही अजून वळतच होतो, हे पंखाच्या टोकावरून दिसत होते. मग क्षितिज आडवे झाले आणि समोरून दिव्यांची ती लांब रांग जवळ येऊ लागली. चाके टेकली तेव्हा आजींनी पुन्हा हात जोडले.

"पोचलो बाई," त्या म्हणाल्या. "पण काही म्हणा भाऊ, लांबून आणलं त्यानं."

"हो आजी," मी म्हणालो, "लांबून आणलं म्हणून तर आणलं."

त्या हसल्या. त्यांनी डबा उघडला आणि विमान थांबायच्या आतच एक करंजी माझ्या हातावर ठेवली.